स्वप्नातला रोजा

सहरी आटोपते, फजरची नमाज होते आणि दुकान उघडायला अजून तीन तास आहेत म्हणून माणूस पुन्हा आडवा होतो. डोळा लागतो. कुठल्याशा लग्नाच्या मांडवात कुणीतरी थंडगार पाण्याचा ग्लास पुढे करते. तो घटाघटा अर्धा ग्लास रिकामा करतो आणि एकदम आठवते, अरे, आपला रोजा आहे! दचकून जाग येते. घसा तर कोरडाच असतो, पण मनाला चुटपूट लागते. रोजा मोडला की काय?

रमजानमध्ये हा अनुभव अनेकांना येतो. बसस्थानकामागच्या गल्लीत शिलाईचे दुकान चालवणाऱ्या साठीच्या मास्टरांनाही यंदा पहिल्याच आठवड्यात तो आला. असरच्या नमाजीनंतर त्यांनी मौलानांना गाठून विचारले. मौलाना हसले. जागेपणी विसरून पाणी प्यायले तरी रोजा मोडत नाही, तो अल्लाहनेच पाजलेला घोट समजावा, अशी हजरत मुहम्मद पैगंबरांची (स.) शिकवण आहे. मग झोपेतल्या पाण्याचा प्रश्नच कुठे येतो? झोपलेला माणूस, लहान मूल आणि ज्याचे भान हरपले आहे असा माणूस, या तिघांच्या कृतींचा हिशेब लिहिलाच जात नाही. मास्टर निश्चिंत झाले.

घरी इफ्तारनंतर त्यांनी हा किस्सा मुलीला सांगितला. ती मानसशास्त्रात एम. ए. करते. तिने मात्र वेगळाच प्रश्न विचारला. "अब्बा, पाणी प्यायलात ते जाऊ दे. पण स्वप्नात तुम्हाला रोजा आठवला कसा?"

प्रश्न साधा वाटतो, पण गेली दीडशे वर्षे काही माणसे याच प्रश्नामागे लागलेली आहेत. स्वप्नात आपण सहसा काहीच तपासून पाहत नाही. वारलेले आजोबा समोर बसून चहा पितात, शाळेच्या वर्गातून थेट समुद्रावर जाता येते, आणि आपल्याला त्यात काही वावगे वाटत नाही. जागेपणी "हे कसे शक्य आहे?" असे विचारणारा मेंदूच्या पुढच्या भागातला पहारेकरी स्वप्नांच्या झोपेत बराचसा पेंगलेला असतो. पण कधीकधी तो मध्येच डोळे उघडतो. झोप मोडत नाही, स्वप्न चालूच राहते, आणि तरी माणसाला कळते की हे स्वप्न आहे. यालाच ल्युसिड ड्रीम म्हणजे सजग स्वप्न म्हणतात. हे नाव रूढ केले फ्रेडरिक व्हान ईडन या डच मानसोपचारतज्ज्ञ लेखकाने, १९१३ मध्ये. असे स्वप्न म्हणजे लाखांत एखाद्याला मिळणारी देणगी नव्हे. अनेक पाहण्या एकत्र करून २०१६ मध्ये जो हिशेब मांडला गेला, त्यानुसार सुमारे ५५ टक्के लोकांना आयुष्यात एकदा तरी हा अनुभव आलेला असतो. महिन्यातून एकदा किंवा अधिक वेळा तो येणारे सुमारे २३ टक्के.

"माणूस झोपलेला आहे आणि तरी त्याला भान आहे" हे सिद्ध कसे करायचे, हा बराच काळ शास्त्रज्ञांपुढचा पेच होता. जागे झाल्यावर कुणीही काहीही सांगेल. वाट सापडली ती डोळ्यांतून. शिकागो विद्यापीठातल्या ॲसेरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी १९५३ मध्ये दाखवून दिले होते की झोपेच्या एका टप्प्यात बंद पापण्यांखाली डोळे भराभर हलतात आणि ठळक स्वप्ने बहुतेक याच टप्प्यात पडतात. या वेळी हातपाय जणू कुलूपबंद असतात, डोळे मात्र मोकळे असतात. इंग्लंडमधल्या हल शहरात कीथ हर्न या संशोधकाने याचाच उपयोग केला. त्यांच्या प्रयोगशाळेत झोपायला येणाऱ्या ॲलन वर्स्ली यांना सजग स्वप्ने पडत. दोघांचे आधीच ठरले होते की स्वप्नात भान आले की डोळे ठरावीक वेळा डावीकडे-उजवीकडे फिरवायचे. एप्रिल १९७५ मध्ये यंत्राच्या कागदावर ती खूण उमटली. झोपलेल्या माणसाने स्वप्नाच्या आतून बाहेर पाठवलेला तो निरोप होता. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात स्टीफन लाबर्ज यांनीही स्वतंत्रपणे हीच युक्ती वापरली. पुढे २०२१ मध्ये अमेरिका, फ्रान्स, जर्मनी आणि नेदरलँड्समधल्या गटांनी तर स्वप्नात असलेल्या माणसांना प्रश्नच विचारून पाहिले. आठ वजा सहा किती? एकाने झोपेतच डोळे दोनदा फिरवून उत्तर दिले. बहुतेक प्रश्नांना काहीच उत्तर आले नाही हे खरे, पण सुमारे १८ टक्के वेळा बरोबर उत्तर मिळाले.

मुलगी हे सगळे सांगत होती आणि मास्टर काजं करता करता ऐकत होते. शेवटी त्यांनी सुई कापडात टोचून ठेवली आणि विचारले, "हे शिकता येतं का?"

त्यांच्या विचारण्यामागे एक कारण होते. मुलीला ते अर्धवट ठाऊक होते.

चार वर्षांपूर्वीच्या रमजानमध्ये, ईदला दोन दिवस उरले असताना, मास्टरांच्या पत्नीचे निधन झाले. त्या रात्री घरून दुकानात निरोप आला होता की तिला बरे वाटत नाही. "एवढे चार नग संपवतो आणि येतो," असे मास्टर म्हणाले होते. गिऱ्हाईक बाकड्यावर बसून होते, ईदचे कपडे होते. ते घरी पोहोचले तेव्हा उशीर झाला होता. तेव्हापासून दर रमजानमध्ये त्यांना तेच स्वप्न पडते. ते मशीनवर बसलेले आहेत. कापडाची शिवण संपत नाही, जितके शिवावे तितके कापड लांबत जाते. मागून पत्नीचा आवाज येतो, "जरा पाणी देता का?" आणि त्यांचा पाय पायडलवरून उचलत नाही. जाग येते तेव्हा उशी ओली असते.

शिकता येते, असे मुलीने सांगितले. पण हमी देता येत नाही, हेही सांगितले.

फ्रान्समधल्या एर्वे द सँ-दनी यांच्या स्वप्नांचे पुस्तक १८६७ मध्ये निघाले, तेव्हा त्यावर लेखकाचे नावही नव्हते. हे गृहस्थ तेराव्या वर्षापासून आपली स्वप्ने वहीत लिहून ठेवत. त्यांनाही एक वाईट स्वप्न पुन्हा पुन्हा पडे. अक्राळविक्राळ प्राणी मागे लागलेले आणि ते एका खोलीतून दुसऱ्या खोलीत पळत सुटलेले. एकदा स्वप्नातच त्यांना भान आले. ते पळायचे थांबले, भिंतीला पाठ लावली आणि त्या प्राण्यांकडे नीट पाहिले. पाहता पाहता त्यांचे अक्राळविक्राळपण ओसरले आणि शेवटी जत्रेतल्या सोंगांच्या चिंध्यांसारखे काहीतरी उरले. आजही वारंवार पडणाऱ्या वाईट स्वप्नांवर उपचार म्हणून सजग स्वप्नांचा उपयोग करून पाहिला जातो. लहान अभ्यासांत काहींना त्याचा फायदा झालेला दिसतो. अर्थात आधी सुचवला जातो तो उपाय अधिक सोपा आहे. जागेपणीच त्या स्वप्नाचा शेवट बदलायचा आणि तो नवा शेवट रोज थोडा वेळ मनात घोळवायचा.

मुलीने दोन्हींची सांगड घातली. पहिले काम होते वही. उशाशी मापांची जुनी वही आणि पेन्सिल ठेवायची. जाग आली की हलायचे नाही, आधी आठवायचे, मग लिहायचे. स्वप्ने विसरण्याचा वेग इतका मोठा असतो की उठून चूळ भरेपर्यंत निम्मे निसटते. मास्टरांनी आठवडाभर लिहिले. छाती-कंबर-उंचीच्या आकड्यांखाली स्वप्नांच्या चार-चार ओळी साठत गेल्या.

दुसरे काम होते खूण शोधणे. प्रत्येकाच्या स्वप्नात काही गोष्टी वारंवार येतात, ज्या जागेपणी असूच शकत नाहीत. वही वाचताना मुलीचेच लक्ष गेले. "अब्बा, तुमच्या स्वप्नात मशीन नेहमी पायडलचं असतं." मास्टर चकित झाले. त्यांच्या मशीनला मोटर बसून सात वर्षे झाली होती. पायडल भंगारात गेले होते, स्वप्नात मात्र ते अजून पायाखाली होते.

तिसरे काम दिवसभराचे. दिवसातून आठ-दहा वेळा थांबून स्वतःला मनापासून विचारायचे, "मी आत्ता जागा आहे की स्वप्नात?" आणि उत्तर गृहीत न धरता तपासायचे. स्वप्नात लिहिलेला मजकूर आणि आकडे सहसा स्थिर राहत नाहीत. एकदा वाचून नजर हटवली आणि पुन्हा पाहिले की बदललेले दिसतात. नाक चिमटीत धरूनही श्वास चालू राहतो. मास्टरांना टेप सोयीची पडली. टेपवरचा आकडा वाचायचा, दुसरीकडे पाहायचे, पुन्हा वाचायचा. अडतीसचे अडतीसच राहिले की जागे. गिऱ्हाइकांना वाटले, मास्टर हल्ली माप दोनदा घेतात, वय झाले.

चौथे काम सर्वांत महत्त्वाचे आणि रमजानमध्ये सर्वांत सोपे. आपली झोप साधारण दीड-दीड तासाच्या फेऱ्यांत चालते. प्रत्येक फेरीत स्वप्नांचा टप्पा येतो आणि रात्र सरत जाते तसा तो लांबत जातो. म्हणून पहाटेची झोप स्वप्नांनी सर्वांत भरलेली असते. संशोधक सांगतात की पाचेक तास झोपून उठावे, थोडा वेळ जागे राहावे आणि मग पुन्हा झोपताना मनाशी पक्के करावे, "आता स्वप्न पडेल तेव्हा मला आठवेल की हे स्वप्न आहे." नुसते शब्द घोकायचे नाहीत. नुकतेच पडलेले स्वप्न डोळ्यांपुढे आणायचे आणि त्यात आपण ती खूण ओळखतो आहोत असे पाहायचे. ही पद्धत लाबर्ज यांची. ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेड विद्यापीठात २०१७ च्या एका अभ्यासात दिवसाची तपासणी, पहाटे उठणे आणि हा निश्चय अशा तिन्ही गोष्टी करणाऱ्यांना पहिल्या आठवड्यात सुमारे १७ टक्के वेळा यश आले. निश्चय केल्यावर पाच मिनिटांच्या आत ज्यांना झोप लागली, त्यांचे प्रमाण तर ४६ टक्क्यांपर्यंत गेले.

प्रयोगशाळेत गजर लावून जे घडवून आणावे लागते, ते रोजेदार महिनाभर रोजच करतो. रात्री तरावीहनंतर झोपायचे, पहाटे सहरीला उठायचे, फजर पढून पुन्हा पाठ टेकायची. म्हणूनच पाण्याची ती स्वप्ने रमजानमध्ये इतकी ठळक पडतात. आणि त्या झोपेआधी रोजेदाराने आणखी एक गोष्ट केलेली असते, ती म्हणजे नियत. आज मी रोजा ठेवतो, असा मनाचा निश्चय. हा निश्चय दिवसभर प्रत्येक कामामागे शांतपणे उभा असतो. नळाखाली हात गेला की तो आठवण देतो, कुणी चहा पुढे केला की तो हात मागे घेतो. पुढे करायची गोष्ट वेळेवर आठवण्याची मनाची जी शक्ती आहे, तिलाच कामाला लावायचे असे लाबर्ज यांची पद्धत सांगते. मुलीच्या प्रश्नाचे उत्तर इथे होते. मांडवातल्या त्या ग्लासाशी मास्टरांना रोजा आठवला, कारण नियत त्यांच्याबरोबर झोपेत उतरली होती.

तरीही मास्टरांच्या मनात शंका होती. स्वप्नात असा हस्तक्षेप करणे धर्माला धरून आहे का? त्यांनी पुन्हा मौलानांना विचारले. मौलानांनी स्वप्नांचे तीन प्रकार सांगितले, जे हदीसमध्ये आले आहेत. एक शुभ स्वप्न, अल्लाहकडून आलेले. दुसरे घाबरवणारे, सैतानाकडचे. तिसरे आपल्याच मनातल्या विचारांचे. मराठीत "मनी वसे ते स्वप्नी दिसे" म्हणतात, ते या तिसऱ्याविषयी. पहिल्या प्रकारावर माणसाचा हक्क चालत नाही. कुरआनातल्या सूरह यूसुफमध्ये अकरा तारे, सूर्य आणि चंद्र यांचे स्वप्न लहानग्या यूसुफ यांना पडले, ते त्यांनी मागून घेतले नव्हते. "तुम्ही शिकून जे पाहाल ते तिसऱ्या प्रकारचं," मौलाना म्हणाले. "त्याला कौल समजू नका, त्यावरून कुणाचं भविष्य सांगू नका. मनावरचं ओझं उतरवायला कोण मना करतं?" वाईट स्वप्नापुढे हात टेकून बसावे, असे तर शिकवणही सांगत नाही. जाग आली की अल्लाहचा आश्रय मागावा, कूस बदलावी आणि ते स्वप्न लोकांना सांगत फिरू नये, असे त्यात आहे. म्हणजे कूस बदलणे हातात आहे.

या वाटेवर पूर्वीच्यांचीही पावले आहेत. इतिहासकार इब्न खल्दून यांनी १३७७ मध्ये लिहिलेल्या 'मुकद्दिमा' या ग्रंथात झोपण्यापूर्वी मनात इच्छा धरून म्हणायच्या काही शब्दांचा उल्लेख आहे. आपण स्वतः ते करून पाहिले आणि विलक्षण स्वप्ने पडली, असेही ते सांगतात. पण लगेच सावधही करतात. अशा तयारीने मन स्वप्नासाठी सिद्ध होते एवढेच, स्वप्न पडेलच असे नाही. तिबेटी बौद्ध परंपरेत स्वप्नात जागे राहणे ही योगसाधनाच आहे. मांडूक्य उपनिषदात जागृती, स्वप्न आणि सुषुप्ती यांच्या पलीकडे चौथ्या अवस्थेचा विचार आहे. आणि आपल्या मातीत तर स्वप्नाचा मान फार मोठा. तुकाराम महाराजांना बाबाजी चैतन्यांचा उपदेश स्वप्नातच मिळाला. नामदेवांनी पांडुरंगासह स्वप्नात येऊन त्यांना कवित्व करायला सांगितले, ही आठवण वारकरी आजही आदराने सांगतात. ती स्वप्ने लाभलेली, ही शिकलेली. दोन्हींची गल्लत करू नये, पण झोपेतही माणूस अगदीच परका होत नाही, हे मात्र या सगळ्यांना ठाऊक होते.

पहिला आठवडा वही भरण्यात गेला. दुसऱ्या आठवड्यात एका पहाटे मास्टरांना पायडल दिसले, "अरे, हे तर स्वप्न!" असे वाटले आणि आनंदाच्या भरात जागच आली. नव्याने शिकणाऱ्यांचे असे हमखास होते. मुलीने तोडगा सांगितला. भान आले की धावायचे नाही. स्वप्नातले हात एकमेकांवर चोळायचे, आसपासची एखादी वस्तू शांतपणे पाहायची, म्हणजे स्वप्न टिकते.

काही गोष्टी तिने बजावूनही सांगितल्या. झोप मोडून हा नाद करायचा नाही. सहरीसाठी उठणे होतेच, म्हणून ठीक, एरवी रोज पहाटे गजर लावून झोपेचे खोबरे करू नये. कधीकधी जाग येते, पण शरीर हलत नाही आणि छातीवर कुणी बसल्यासारखे वाटते. ती झोपेतली तात्पुरती जखडण आहे, काही क्षणांत सुटते, घाबरू नये. ज्यांना भास होण्याचा किंवा भ्रमाचा आजार आहे त्यांनी या वाटेला जाऊच नये. यासाठी विकल्या जाणाऱ्या गोळ्या घेऊ नयेत. आणि वाईट स्वप्नांनी दिवसही अवघड होत असेल, तर वहीआधी डॉक्टर गाठावा.

एकोणिसाव्या रोजाच्या सकाळी मास्टर उशिरा उठले. बराच वेळ अंथरुणात तसेच बसून राहिले. मग त्यांनी वहीत लिहिले आणि वही मुलीपुढे ठेवली.

पुन्हा तेच मशीन होते, तेच न संपणारे कापड. मागून आवाज आला. त्यांनी खाली पाहिले तर पायाखाली पायडल. त्यांनी टेप उचलली. अडतीस. पुन्हा पाहिले तर तिथे आकडाच नव्हता. त्यांनी हात चोळले. पाय जड होता, पण हे स्वप्न आहे हे कळल्यावर तो उचलला. ते उठले. दुकानामागे खरे तर भिंत आहे, तिथे त्यांच्या घराचे स्वयंपाकघर होते. त्यांनी माठातून पाणी घेतले आणि तिला दिले. ती प्यायली. ती काही बोलली नाही. तिने ग्लास परत दिला, त्यात थोडे पाणी उरले होते. एवढ्यात जाग आली.

त्यानंतर ते स्वप्न पुन्हा पडले की नाही, हे मास्टरांनी कुणाला सांगितलेले नाही. ईदची कामे यंदाही रात्री उशिरापर्यंत चालतात. फरक एवढाच की घरून फोन आला, तर ते हातातला नग तसाच ठेवून उठतात. गिऱ्हाईक बसून राहते.

त्या सकाळी मुलीने वही मिटली, डोळे पुसले आणि थोड्या वेळाने विचारले, "अब्बा, ग्लासात पाणी उरलं होतं ना? तुम्ही नाही प्यायलात?"

"छे. रोजा होता ना."

"पण स्वप्न आहे हे तुम्हाला कळलं होतं!"

"कळलं होतं," मास्टर म्हणाले. "म्हणून तर उठता आलं. पण रोजा तर होताच."